नामांकित बाटली, नवखा ऊद आणि भिशीचे पैसे

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या आणि एका सहकारी बँकेत अधिकारी असलेल्या 41 वर्षांच्या एका वाचक भगिनींना सुगंधांची मनापासून आवड आहे. दोन वर्षांपूर्वी दुबईहून आलेल्या दिरांनी त्यांना अमेरिकी फॅशन डिझायनर टॉम फोर्ड यांच्या 'ऊद वूड' या परफ्यूमची छोटी कुपी दिली. ती त्यांनी सणावाराला, लग्नकार्याला जपून वापरली आणि आता ती संपली आहे. मध्यंतरी त्यांनी एका लहान भारतीय निश, म्हणजे मोजक्या गिऱ्हाइकांसाठी वेगळे वास बनवणाऱ्या, अत्तरकाराकडून ऊदाच्या, म्हणजे अगराच्या सुगंधी लाकडाच्या, परफ्यूमचा नमुना मागवला. त्यात आसामच्या ऊदाचे अस्सल तेल असल्याचा अत्तरकाराचा दावा आहे. ऐन मे महिन्यात लावलेला हा वास पहिल्या हुंगण्याला त्यांना नकोसा वाटला, संध्याकाळपर्यंत मात्र मनगट नाकापासून दूर करवेना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडीच्या पदराला येणारा वास त्यांना 'ऊद वूड'पेक्षाही आवडला. घरात एकमत नाही. यजमान म्हणतात, "ओरिजिनल ते ओरिजिनल, बाकीच्या सगळ्या नकला." सासूबाईंनी विचारले, "गोठ्यात जाऊन आलीस का गं?" दिरांच्या मते जो जास्त टिकतो तो चांगला, आणि या हिशेबाने नवा वास "नाद खुळा" आहे. बँकेतल्या मैत्रिणीला तो पुरुषी वाटतो. पुढच्या महिन्यात भिशी लागणार आहे आणि त्या पैशांत एकच बाटली बसते. दोहोंपैकी चांगला कोणता, नवा वास ही नक्कल आहे का, आणि आपल्या नाकावर विश्वास ठेवावा की नावावर, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरांआधी ते प्रश्न ज्या पायावर उभे आहेत तो पाहू. 'ऊद वूड' हे मूळ आणि दुसरे त्याच्या मागून आलेले, असे तुम्ही, तुमचे यजमान आणि तुमचे दीर, तिघांनीही धरून चालला आहात. मागून आलेल्याने मुळाची बरोबरी केली की नाही, एवढाच वाद उरला आहे. 'ऊद वूड' बाजारात आले 2007 मध्ये. त्याच्या पाच वर्षे आधी, 2002 मध्ये, इव्ह सां लोराँ या फ्रेंच घराण्याने 'एम सेव्हन' नावाचे ऊदाचे परफ्यूम काढले होते, आणि त्या घराण्याची कलात्मक सूत्रे तेव्हा टॉम फोर्ड यांच्याच हाती होती. 'एम सेव्हन' फारसे चालले नाही. युरोप-अमेरिकेतल्या सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ऊदाची गोडी लागली ती पुढच्या दशकभरात. ऊद मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आसामात होजाईच्या आसपास अगराच्या लाकडाचा आणि तेलाचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तिथला माल मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत आखाती देशांत जात आला आहे, आणि आज दुबईत मोठे नाव असलेले अजमल हे घराणेही मूळचे होजाईचेच. दिरांनी दुबईहून आणलेल्या कुपीवर ज्या ऊदाचे नाव आहे, त्याचे एक माहेर आपल्याच देशात निघते.

कोल्हापूरकराला हे फोड करून सांगायला नको. 2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत आपल्या चपलेसारख्या चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख कुठेही नव्हता, आणि इकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेच्या बाजूने तेव्हा आपण सगळेच तावातावाने सांगत होतो की, नाव मोठे आहे म्हणून वस्तू मूळ ठरत नाही. तुमचे यजमानही त्या वादात आपल्याच बाजूने असणार. परफ्यूमच्या कपाटापाशी आल्यावर मात्र आपण तोच न्याय विसरतो. (टॉम फोर्ड यांच्यावर मी तसला आरोप करत नाही, हे नमूद करतो, त्यांनी ऊदाचे नाव बाटलीवर ठळक छापले आहे.)

नकलेचा प्रश्न त्यामुळे लवकर निकालात निघतो. गाजलेल्या परफ्यूमच्या जवळ जाणारे स्वस्त परफ्यूम उघडपणे बनवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, विशेषतः आखाती देशांत, आणि त्यांच्यात काही चांगल्याही आहेत. अशा परफ्यूमचे सगळे बळ पहिल्या दहा-पंधरा मिनिटांवर खर्च झालेले असते, कारण गिऱ्हाईक दुकानात तेवढाच वेळ उभे राहते आणि त्या वेळात त्याला मूळ परफ्यूमची आठवण व्हायला हवी असते. तुमचा नमुना तर पहिल्या हुंगण्यालाच तुम्हाला नकोसा झाला. लोकप्रिय वासाची नक्कल करायला बसलेला माणूस सुरुवातच अशी कशाला करेल? तो वास चांगला असेल किंवा वाईट, पण तो 'ऊद वूड' व्हायला निघालेला नाही, हे नक्की.

मग हे दोन वास एकमेकांपासून इतके लांब का? 'ऊद वूड'च्या वर्णनात वेलदोडा, मिरी, रोझवूड, चंदन, वाळा, टोंका बी, व्हॅनिला अशी नावे येतात. परफ्यूमच्या 'नोट्स'ची यादी ही कृतीतल्या जिनसांची यादी नसते, वास कशाकशाची आठवण देतो याचे ते वर्णन असते, हे लक्षात ठेवूनही ती यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. सहाणेवर उगाळलेले चंदन, माठात टाकलेला वाळा, श्रीखंडातला वेलदोडा: तुमच्या नाकाला यातले बरेचसे लहानपणापासून पाठ आहे. त्या ओळखीच्या मंडळींच्या मधोमध ऊद बसवला आहे, तोही अंघोळ करून, केस विंचरून आलेला. हे कौशल्याचे काम आहे आणि म्हणूनच ते परफ्यूम जगभर चालले. पण तिथे तुम्ही ऊदाला भेटलात ते इतक्या सोबत्यांमध्ये, की तो एकटा कसा असतो याचा अंदाज तुम्हाला आला नसणार. दुसऱ्या कुपीत तो तुम्हाला बऱ्यापैकी एकटा भेटला.

एकटा ऊद असा का असतो, हे त्याच्या जन्मात आहे. अगराचे झाड, शास्त्रीय भाषेत अक्विलारिया, निरोगी असते तेव्हा त्याचे लाकूड फिके, हलके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. खोडाला जखम होते, कीड पोखरते, त्यातून बुरशीची लागण होते, आणि मग झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करू लागते. ही राळ वर्षानुवर्षे लाकडात मुरत जाते. मुरलेले लाकूड काळपट आणि इतके जड होते की उत्तम प्रतीचे पाण्यात बुडते. प्रत्येक झाडाला अशी लागण होतेच असे नाही, आणि बाहेरून पाहून आत राळ किती आहे ते खात्रीने कळत नाही, म्हणून लोक झाडेच्या झाडे पाडत गेले. अखेर वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात 1995 मध्ये आपल्या ईशान्य भारतातली जात आणि 2004 च्या परिषदेत अक्विलारियाचा संपूर्ण वंश घालावा लागला. म्हणजे व्यापारावर बंदी नाही, पण आयात-निर्यातीला परवाना लागतो. आज बाजारात येणारा बराचसा ऊद लागवडीच्या झाडांना मुद्दाम जखमा करून, लागण घडवून आणून मिळवलेला असतो.

पुढची गोष्ट तुमच्या सासूबाईंच्या बाजूची आहे. आसामकडच्या जुन्या पद्धतीत हे लाकूड कुटून, तेल काढण्याआधी कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. ते आंबते, आणि मग उकळून त्याचे तेल काढले जाते. त्या आंबण्यातून गोठा, ओले चामडे, जुने चीज यांच्या जवळ जाणारा एक वास तेलात उतरतो, आणि तो सुरुवातीच्या तास-दोन तासांत सगळ्यात पुढे असतो. नंतर तो ओसरतो आणि खालचे गोडसर, मधाळ, लाकडी अंग वर येते. सासूबाईंनी तुमच्या मनगटापाशी जे ओळखले ते जाणकारही याच शब्दांत सांगतात. त्यांचे नाक चोख आहे, त्यांनी फक्त पहिल्या तासाचा निकाल दिवसभराला लावला. एरवी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीशेजारी उभे राहून समोर काढलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात गोठ्याचा वास ही निंदा का समजावी, हे मला कळलेले नाही.

आता दुसरे गृहीतक, आणि हे तुमचे स्वतःचे आहे. पत्रात तुम्ही 'अस्सल तेल' हे शब्द तीन ठिकाणी लिहिले आहेत, आणि ते लिहिताना नव्या वासाचे पारडे तुम्ही आपोआप जड केले आहे. अस्सल तेल असणे आणि परफ्यूम चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊदाचे तेल महाग, पुरवठा अनियमित आणि एका खेपेचा वास दुसऱ्या खेपेसारखा नाही, त्यामुळे जगभर एकाच वासाच्या लाखो बाटल्या विकणारी कंपनी ऊदाचा परिणाम प्रामुख्याने प्रयोगशाळेत तयार केलेल्या घटकांतून साधते. यात फसवणूक नाही. चांगल्या हातात त्या घटकांचे उत्तम परफ्यूम होते आणि कच्च्या हातात अस्सल तेलाचाही चिखल होतो. शिवाय बाटलीत खरे तेल किती आहे, ते तुमच्या किंवा माझ्या नाकाला ठरवता येणार नाही. त्याला प्रयोगशाळेतले पृथक्करण लागते. आपल्या हातात आहे ते विचारणे. तेल कुठल्या भागातले, ते लागवडीच्या झाडांचे की जंगलातले, परफ्यूममध्ये त्याच्या जोडीला इतर ऊद-घटक आहेत का, आणि पुढच्या खेपेचा वास या नमुन्यापेक्षा वेगळा निघू शकतो का, एवढे त्या अत्तरकाराला लिहून विचारा. शेवटच्या प्रश्नाला "हो, थोडा निघेल" असे सरळ उत्तर आले तर मला त्या माणसाचा भरवसा वाटेल. "शंभर टक्के शुद्ध, कधीच बदलत नाही" असे आले तर भिशी दुसऱ्या कामाला वापरा. आणि बाजारात काही शे रुपयांना तोळा या भावाने 'शुद्ध आसाम ऊद' कोणी देऊ करत असेल, तर त्या भावात ते बसत नाही, एवढे कोणत्याही वाचकाने समजून असावे.

दिरांचा टिकाऊपणाचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्याला थोडी जागा देतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतले रेणू हलके असतात, ते थोड्याच वेळात उडून जातात. ऊद, चंदन, वाळा यांतले रेणू जड असतात, ते सावकाश उडतात. ज्यात ऊद जास्त ते जास्त टिकणार, हा पदार्थाचा गुण झाला, बनवणाऱ्याचा नव्हे. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे, कपड्यावर दोन-दोन दिवस राहणारे कृत्रिम लाकडी आणि अंबरी घटक आज सहज उपलब्ध आहेत, आणि त्यांचा मारा केलेले साधे परफ्यूमही अस्सल ऊदाइतके टिकते. म्हणून पदराला दुसऱ्या दिवशी वास आला, यावरून तेल अस्सल असल्याचा निष्कर्ष काढू नका. तो वास दुसऱ्या दिवशी आवडला, हे मात्र महत्त्वाचे आहे, कारण तिथे तुम्ही किती वेळ हे मोजले नाही, काय उरले ते पाहिले. टिकण्याची दुसरी बाजूही आहे. नाक एका वासाला थोड्याच वेळात सरावते आणि तो नोंदवायचे थांबवते. काही कस्तुरी घटक आणि 'आयसो ई सुपर'सारखे लाकडी घटक तर अनेकांच्या नाकाला मुळातच नीट कळत नाहीत. "ऊद वूड दुपारनंतर राहतच नाही" असे तुम्ही लिहिले आहे. दुपारी ते खरोखर गेलेले असते की फक्त तुम्हाला येत नसते, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारल्याशिवाय सांगता येणार नाही. ते न विचारता माणसे पुन्हा फवारा मारतात, आणि मग केबिनमध्ये कर्जाची फाईल घेऊन समोर बसलेल्या माणसाची पंचाईत होते, कारण त्याला उठून जाता येत नाही.

तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग माझ्या मते वेगळाच आहे आणि तो तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. 'ऊद वूड'ची कुपी संपली आहे. म्हणजे तुम्ही हातातल्या वासाची तुलना आठवणीतल्या वासाशी करत आहात, आणि ती आठवणही साधीसुधी नाही: दिवाळी, भाचीचे लग्न, दिरांचे घरी येणे, हे सगळे त्यात मिसळले आहे. नवा वास तुम्ही मे महिन्याच्या उकाड्यात, कामाच्या दिवशी, बँकेत जाताना लावला. अशा स्पर्धेत दोघांवरही अन्याय होतो. कधी आठवण जिंकते, कधी नवलाई. भर म्हणून सांगतो, कंपन्या वेळोवेळी कृतीत बदल करत असतात, कधी कायद्यामुळे, कधी खर्चामुळे. लिलिअल या घटकावर युरोपीय संघाने 1 मार्च 2022 पासून बंदी घातली तेव्हा कितीतरी परफ्यूमच्या कृती बदलल्या. दोन वर्षांपूर्वीची कुपी आणि आज घ्याल ती बाटली अगदी एकच असेल, हे कोणत्याही परफ्यूमच्या बाबतीत गृहीत धरू नये.

तेव्हा आधी दोन्हींचे ताजे नमुने जवळ करा. 'ऊद वूड'चे दोन-तीन मिली पुण्या-मुंबईतल्या अधिकृत दुकानातून किंवा भरवशाच्या डिकँट विक्रेत्याकडून, म्हणजे मोठ्या बाटलीतले परफ्यूम लहान कुप्यांत काढून विकणाऱ्याकडून, मिळवा. तुमचा निश नमुना फवाऱ्याचा आहे की तेलाचा, हे पत्रात आलेले नाही, आणि फरक मोठा आहे. फवाऱ्यातला अल्कोहोल उडताना वास अंगापासून दूर फेकतो. तेल कातडीला धरून राहते आणि सावकाश उमलते. तेल आणि फवारा समोरासमोर ठेवलेत तर पहिल्या तासात फवारा उगीचच जिंकेल आणि संध्याकाळी तेल उगीचच जिंकेल. नमुना तेलाचा असेल तर काडीच्या टोकावर येईल इतकाच एक ठिपका लावा आणि पहिला तास दोघांनाही गुण देऊ नका.

पहिला दिवस सुट्टीचा निवडा. बिनवासाच्या किंवा अगदी सौम्य साबणाने अंघोळ करून, एका हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक आणि दुसऱ्या हाताला दुसरा लावा. मनगटे एकमेकांवर घासायची सवय अनेकींना असते. या दिवशी ती टाळा, नाहीतर संध्याकाळी दोन्ही हातांना एकच वास येईल. पंधरा मिनिटांनी, तासाने, जेवणाआधी आणि दिवेलागणीला हुंगा, आणि प्रत्येक वेळी एक ओळ लिहून ठेवा. ओळीत 'चांगला', 'भारी' हे शब्द नकोत. 'ओले लाकूड', 'वेलदोडा गेला', 'डोके जड झाले', 'पुन्हा हुंगावेसे वाटले' असे लिहा. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा विशेष उपयोग नाही; थोडा वेळ गॅलरीत उभ्या राहिलात तरी नाक ताजे होते. रविवारच्या मटणाच्या ताटानंतर, तांबडा-पांढरा पोटभर झाल्यावर, कोणताही निर्णय घेऊ नये, हे तुम्ही जाणताच.

त्यानंतर डोळे बांधण्याची पाळी. घरातल्या कोणालातरी स्वच्छ सुती कापडाच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही वास लावून, मागे एक आणि दोन असे आकडे घालून, वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला सांगा. त्या लगेच हुंगू नका, तुम्ही अल्कोहोलवरून ओळखाल. दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. यजमानांनाही हुंगायला द्या. ज्या पट्टीला ते "हे ओरिजिनल" म्हणतील ती कोणती निघते, हे पाहणे घरातल्या वातावरणासाठी उपकारक ठरेल. तुम्हाला दोन-तीनदा तीच पट्टी आवडली, तर नाकावर विश्वास ठेवावा की नावावर या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मिळाले. आवड दर वेळी बदलत राहिली, तर दोन्ही वास तुम्हाला सारखेच प्रिय आहेत आणि स्वस्त पडेल तो घ्यावा.

मग एकेक पूर्ण दिवस बँकेत, एका वेळी एकच. आणि पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा एकदा. उन्हाळ्यात कातडी तापलेली असते, वास झपाट्याने आणि जोरात सुटतो. मे महिन्यात गोठा एवढा पुढे आला त्यात हवेचाही वाटा होता. आपल्याकडच्या जुलैच्या ओल्या, गार हवेत हाच ऊद बराच सौम्य वागेल, आणि 'ऊद वूड'मधला वेलदोडा जास्त वेळ थांबेल.

सासूबाईंबद्दल थोडे. परफ्यूमच्या गुणवत्तेचा निकाल त्यांनी द्यावा असे मी म्हणणार नाही, पण त्या घरात तुमच्याबरोबर राहतात, आणि बंद खोलीत पसरणाऱ्या वासावर त्यांचा हक्क तुमच्याइतकाच आहे. त्यांना मनगट हुंगायला देऊ नका. सकाळी लावा, आणि संध्याकाळी चार-पाच हातांवर बसून त्यांना विचारा. तोवर गोठा ओसरलेला असेल. तरीही नको वाटला, तर लावायचे ते घराबाहेर पडताना पदराच्या आतल्या बाजूला किंवा रुमालावर लावायचे, असा तह करता येतो. मात्र तेलाचा डाग पैठणीवरून निघत नाही. रेशमावर तेल लावू नका.

मैत्रिणीच्या 'पुरुषी' या शेऱ्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. आखाती देशांतल्या स्त्रिया कपड्यांना आणि केसांना ऊदाची धुरी देतात, आणि 'ऊद वूड'ही स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच विकले जाते.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच विचारतो, आणि त्याचे उत्तर मला कळवण्याची गरज नाही. घरात कोणालाच न आवडलेली वस्तू आपल्याला आवडते, यातही एक सुख असते. नावावर भाळण्याची चूक यजमान करत असतील, तर नाव नसलेल्यावर भाळण्याची चूक आपल्या हातून होत नाही ना, हे पाहावे. 'निश' हा शब्द दर्जाची हमी देत नाही. 'ल लाबो' ही एकेकाळची छोटी पेढी 2014 मध्ये एस्टी लॉडर या बड्या अमेरिकी प्रसाधन कंपनीने घेतली, फ्रान्सिस कुर्कजाँ यांचे घराणे 2017 मध्ये एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच उद्योगसमूहाने घेतले, आणि तरीही दोन्ही निश म्हणूनच विकली जातात. बाटलीवरच्या शब्दाने बाटलीतला वास चांगला किंवा वाईट होत नाही.

माझे मत विचाराल तर, तुम्ही जे लिहिले आहे तेवढ्यावरून मी नव्या ऊदाच्या बाजूने झुकतो. 'ऊद वूड'बद्दल तुमच्या पत्रात कौतुक आहे, पण ते 'सगळ्यांना आवडते', 'कोणीही विचारते कुठले' अशा दुसऱ्यांच्या तोंडच्या शब्दांत आहे. नव्या वासाबद्दल मात्र मनगट, पदर, सकाळ असे तुमचे स्वतःचे तपशील आहेत. चाचणीत हे उलटले तर बेलाशक 'ऊद वूड' घ्या, ते उत्तम परफ्यूम आहे आणि बँकेच्या केबिनला अधिक सोयीचे आहे.

पण भिशीच्या पैशांत एकच मोठी बाटली घ्यायची, ही अट कोणी घातली? एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली जाते, म्हणजे 50 मिलीच्या बाटलीत सुमारे 500 फवारे असतात. तुम्ही सणावाराला दोन-दोन फवारे मारणाऱ्या. ती बाटली तुम्हाला कित्येक वर्षे संपणार नाही. त्यापेक्षा अत्तरकाराकडून ऊदाची सर्वांत लहान कुपी घ्या, 'ऊद वूड'चा छोटा प्रवासी स्प्रे अधिकृत दुकानात मिळतो का ते पाहा, आणि उरलेले पैसे तसेच राहू द्या. ऊदाची पहिली खेप संपत आली की दुसऱ्या खेपेचा नमुना मागवून जुन्याशी ताडून पाहा, मगच पुढची घ्या.

खरेदीपुरते एवढेच सांगायचे राहिले. 'ऊद वूड'च्या बनावट बाटल्या भरपूर फिरतात, त्यामुळे "टेस्टर आहे, खोका नाही, म्हणून निम्म्या भावात" असे कोणी सांगितले तर तिथून निघा; खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाचा बॅच क्रमांक एकच आहे का ते पाहा आणि पक्के बिल घ्या. नवा ऊद पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत एकच ठिपका लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर तो कातडीवर न लावता कपड्यावरच वापरा. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका. कपाटात, अंधारात, खोक्यासकट ठेवा.